हत्तीरोगाच्या रक्तचाचणीची कुळकथा

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना सुमारे 30 किलोमीटरवर लागणारी बुटीबोरी आज औद्योगिक वसाहतीसाठी ओळखली जात असली, तरी तिच्या दोन्ही अंगांना पसरलेला नागपूर-वर्धा पट्टा दीर्घकाळ हत्तीरोगाचाही प्रदेश राहिला आहे. वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी हा धाग्यासारखा कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे ऊतींमधील द्रव रक्तात परत नेणाऱ्या नलिकांत, अनेक वर्षे वास करतो आणि त्या निकामी झाल्या की पाय सुजतो किंवा पुरुषांत अंडवृद्धी होते. सूज कायमची झाल्यावर औषधाने ती सहसा उतरत नाही. उलट ज्यांच्या रक्तातून डास रोग पुढे नेतात, ते वाहक वरकरणी धडधाकट असतात. त्यामुळे या रोगाचे निदान म्हणजे मुख्यतः लक्षणे नसलेल्या माणसातील कृमीचा शोध होय.

सुश्रुतसंहितेत श्लीपद या नावाने या सुजेचे वर्णन आढळते. कारण मात्र एकोणिसाव्या शतकात उलगडले. 1863 साली पॅरिसमध्ये देमार्के यांना अंडवृद्धीच्या द्रवात, 1866 साली ब्राझीलमध्ये वुखेरर यांना मूत्रात आणि 1872 साली कोलकात्यात टिमोथी लुइस यांना रक्तात या कृमीची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिसली. पुढे चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी ती डासात वाढतात हे 1877 साली दाखवले आणि ती परिघीय रक्तात रात्रीच मोठ्या संख्येने उतरतात, हेही नोंदवले. रात्री दहा ते दोन या वेळात बोटातून रक्त घेऊन त्याचा जाड थर काचपट्टीवर पसरवायचा आणि रंगवून तपासायचा, ही पद्धत त्यातूनच रूढ झाली व 1955 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमाचा आधार ठरली. मात्र झोपेची वेळ उलटवली तर पिल्लांचे वेळापत्रकही हळूहळू उलटते, हे 1881 साली लंडनमध्ये मॅकेन्झी यांनी दाखवले होते. त्यामुळे बुटीबोरीसारख्या पाळ्यांवर चालणाऱ्या वसाहतीत, दिवसा झोपणाऱ्या कामगाराच्या बाबतीत, ठरलेली वेळही खात्रीची उरत नाही.

ही अडचण ओलांडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न नागपूर-वर्धा रस्त्याच्याच पुढच्या टोकाला, 1969 साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत झाला. तेथील जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाहकांच्या रक्तातून वेगळी केलेली पिल्ले पोषकद्रवात काही काळ जिवंत ठेवली, पिल्लांनी त्या द्रवात सोडलेली प्रथिने प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्तीला परकी वाटणारी खूण, म्हणून वापरली आणि रुग्णाच्या रक्तात त्यांविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे, तसेच खुद्द प्रतिजनही, एलायझा पद्धतीने शोधले. एलायझात प्रतिपिंडाला विकर जोडलेले असते आणि त्याच्या क्रियेने होणारा रंगबदल निकाल सांगतो; सेवाग्रामच्या गटाने त्यासाठी पेनिसिलिनेज हे पेनिसिलिन फोडणारे विकर वापरले व चाचणी काडीवर करता येईल अशी बेतली. प्रतिजन मिळवण्यासाठी रात्रीचे रक्त लागत असले, तरी रुग्णाची तपासणी त्यामुळे दिवसा करणे शक्य झाले.

प्रतिपिंडे मात्र कृमी गेल्यावरही रेंगाळतात आणि रोगप्रवण भागात नुसत्या संपर्कानेही दिसतात. म्हणून जगभर भर प्रतिजनावर गेला. 1990च्या दशकात प्रौढ कृमीचा प्रतिजन बोटाच्या रक्तात काही मिनिटांत दाखवणारे कार्ड आले व पुढे त्याची जागा चाचणीपट्टीने घेतली. जानेवारी 2019 मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल या तीन औषधांचे सामूहिक वाटप सुरू झाले, तेव्हा ही साधने हाताशी होती. तरीही पट्टी प्रौढ कृमीची खूण सांगते, तर त्या माणसाकडून डासाला संसर्ग होईल का, हे त्याच्या रक्तातील पिल्लांवरच ठरते. त्यामुळे औषधवाटपाचा परिणाम जोखण्यासाठी आरोग्य पथके आजही रात्रीच रक्तनमुने घेतात आणि नव्या चाचणीने जुनीला बाद न करता दोघींची कामे वाटून दिली आहेत.