उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत

"बाबासाहेब मजूरमंत्री झाले न् चौदा तासाचं आठ झालं." आजोबांची गोष्ट एवढ्यातच संपायची. मग आजी बोलायला लागायची.

मोठेपणी मी तारखा शोधल्या. जुलै 1942. सत्ता लंडनच्याच मुठीत होती. 1919 आणि 1935 च्या कायद्यांनी प्रांतांकडे ती थोडी थोडी सुटत आली होती, आणि दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हिंदी सभासद वाढवणे चालले होते. त्या मंडळात डॉ. आंबेडकरांकडे मजूर खाते आले. अस्पृश्य समाजातला माणूस तिथे पहिल्यांदाच बसला. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. मजुरांचा मंत्री खाणीत उतरतो, हे मला आजही फार मोठे वाटते.

तासांचा हिशेब मात्र जुळेना. बारमाही कारखान्यांसाठी 1934 च्या कायद्याने आठवड्याची मर्यादा 54 तास ठेवली होती. बाबासाहेबांनी आणलेल्या 1946 च्या दुरुस्तीने ती 48 झाली. सहा दिवसांचा आठवडा धरला तर रोजचा एक तास. मग चौदा कुठून आले? आजोबा देहूरोडहून गाडीने एका कारखान्यात जायचे. तांबडं फुटायच्या आधी भाकरी बांधून निघायचे, परतेपर्यंत दिवेलागण उलटलेली असायची. कायदा कारखान्याच्या फाटकापासून मोजत होता. आजोबा घराच्या उंबऱ्यापासून मोजत असावेत. त्यांना खोटे म्हणायला माझे मन धजत नाही.

आणि त्या एका तासाचे त्यांनी काय केले, तर पाटी घेतली. आजी सांगायची, "दिव्यापाशी बसायचे, धाकट्या दिराकडून बाराखडी गिरवायचे. मी चूल सारवता सारवता ऐकायची. मलाबी 'ग'पर्यंत आलं." पगाराच्या कागदावर पहिल्यांदा सही केली त्या संध्याकाळी आजोबांनी अंगठ्याची शाई नसलेला हात सगळ्या चाळीला दाखवला होता.

25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेब देहूरोडला आले. इथे आधी चोखोबाचे देऊळ व्हायचे होते. तिथे रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसली. तुकोबांचे देहू हाकेच्या अंतरावर, आणि त्या दिवशी ते बोलले पंढरीच्या विठ्ठलाबद्दल, तो मुळात बुद्धच असल्याबद्दल. नागपूरची धम्मदीक्षा अजून दोन वर्षे पुढे होती.

आजीच्या तोंडी त्या दिवसाचे एकच वाक्य: "मंत्री आले व्हते." एकदा मी म्हटले, आजी, त्यांनी 1951 लाच मंत्रिपद सोडलं होतं. तिने माझ्याकडे पाहिले, लुगड्याचा पदर नीट केला, आणि पुढे सांगू लागली: धूळ किती उडत होती, लेकरू कडेवर कसे झोपले होते, आणि आजोबांनी धुतलेला सदरा कसा घातला होता.