पाते कोणाच्या हाती?

जुन्या दुधारी पात्यांची तुलना करणारे हौशी लोक सहसा दोनच प्रश्न विचारतात : पात्याला धार किती होती आणि त्यावर दाढ्या किती झाल्या? प्रश्न रास्त आहेत. परंतु मराठी समाजाच्या इतिहासात या पात्याची पहिली तुलना दुसऱ्या पात्याशी नव्हे, न्हाव्याच्या वस्तऱ्याशी करावी लागते.

वस्तरा ही गावगाड्यातली वस्तू. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, चिमटा, नराणी, आरसा. मोबदला बलुत्याच्या धान्यात. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा'मध्ये (१९१५) ही बलुतेदारी तपशिलाने आली आहे. संत सेना महाराजांनी याच व्यवसायाचे रूपक केले. त्यात आरसा विवेकाचा, चिमटा वैराग्याचा. वस्तऱ्याचे नाव मात्र प्रचलित पाठात नाही, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. चारही वर्णांना हात देण्याची भाषा त्या अभंगात आहे. त्या वर्णांच्या बाहेर ठेवलेल्या माणसाचे काय, याचे उत्तर डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'त सापडते. साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते. तरी अस्पृश्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. घरातल्या मुलांचे केस थोरली बहीणच कापीत असे.

वस्तरा धरणाऱ्या हाताला नकाराचा हक्कही होता, आणि तो नेहमीच अन्यायाच्या बाजूने वापरला गेला असे नाही. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. सुधारकांच्या अनेक व्याख्यानांपेक्षा हा निर्धार मला मोलाचा वाटतो. कारण तो ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांचाच होता.

या पार्श्वभूमीवर किंग कॅम्प जिलेट यांच्या सेफ्टी रेझरकडे पाहावे. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये पेटंट मिळाले. नवे काय होते? धार लावण्याचे कसब कारखान्यात गेले. पाते बोथट झाले की टाकायचे, नवे घालायचे. वस्तरा चालवायला वर्षांचा सराव लागे. इथे आरसा आणि थोडी सावधगिरी पुरे. ज्याला न्हावी शिवत नव्हता त्यालाही हे जमणारे होते, पैसे असले तर. ही अट लहान नाही.

या अटीपाशीच पात्यापात्यांतली तुलना अर्थपूर्ण होते. पूर्वीची पाती कार्बन पोलादाची. धार तीक्ष्ण, पण गंज लवकर. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी खारट, साबणाला फेस धड येत नाही, आणि ओले राहिलेले कार्बन पोलाद अशा पाण्यात अधिकच लवकर गंजते. एक पाते पुरवून वापरण्यासाठी ते पुसून कोरडे ठेवायचे, काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला घासून धार परत आणायची, या युक्त्या त्या काळातल्या. १९६२ मध्ये विल्किन्सन स्वोर्डने न गंजणारे पाते बाजारात आणले. धारेवर टेफ्लॉनचा सूक्ष्म थर असल्याने ते ओढत नसे आणि टिके अधिक. भारतात हरबन्सलाल मल्होत्रांची 'भारत', 'टोपाझ' ही पाती, ठाण्याच्या विद्युत मेटॅलिक्सचे 'सुपरमॅक्स' अशी नावे घरोघरी पोचली. कोणते पाते अधिक गुळगुळीत चालते हा वाद हौशी लोकांनी खुशाल घालावा. खाऱ्या पाण्याच्या गावात न गंजणे हाच मोठा गुण होता.

वस्तरा मात्र संपला नाही, त्याने पात्याशी तडजोड केली. एड्सविषयीची जागृती वाढली तशी सलूनमध्ये धार लावायच्या वस्तऱ्याऐवजी पाते बसवायचा वस्तरा रूढ होत गेला. कारागीर दुधारी पाते कागदासकट मधोमध मोडतो. अर्धे या गिऱ्हाइकाला, अर्धे पुढच्याला.