पत्री सरकार : हेटाळणी की बिरुद?

१/ ज्या ‘छोडो भारत’ आंदोलनात १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला पाच जण हुतात्मा झाले, त्यातूनच साताऱ्यात प्रतिसरकार उभे राहिले. आज ते ‘पत्री सरकार’ म्हणूनच अधिक ठाऊक आहे. हे नाव अवमानकारक आहे का?

२/ क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात अनेक गावांत समांतर कारभार चालला. न्यायदान मंडळे तंटे मिटवीत, तुफान सेना बंदोबस्त ठेवी, अल्प खर्चात विवाह लागत.

३/ बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांना तळपायांवर शिक्षा होई, म्हणून ‘प्रति’ची ‘पत्री’ झाली. प्रत्यक्षात तो बहुधा काठीचा मार असे.

४/ या नावात कारभाराची केवळ शिक्षा उरली. न्याय आणि विवाह बाहेर राहिले. राज्यकर्त्यांना हे सोयीचे होते. चळवळीला गुंडगिरी ठरवले की तिच्या मागणीला उत्तर द्यावे लागत नाही. खेड्यांनी मात्र तोच शब्द धाकाने आणि अभिमानाने उच्चारला.

५/ लंडनच्या ‘डेली मेल’ने १९०६ मध्ये मताधिकार मागणाऱ्या लढाऊ स्त्रियांना ‘सफ्रेजेट’ म्हणून हिणवले. १९१२ मध्ये त्यांनी त्याच नावाचे वृत्तपत्र काढले.

६/ टोपणनाव मिरवण्याचा अधिकार ज्यांना ते चिकटले त्यांचा. इतरांनी ‘प्रतिसरकार’ आधी लिहावे. ‘पत्री’ त्यामागून, कारणासह.