शालान्त गुण आणि विद्यापीठाचे द्वार

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली व १८५९ साली त्याने आपली पहिली प्रवेशपरीक्षा घेतली. घरोघरी पुढे 'मॅट्रिक' म्हणून परिचित झालेली परीक्षा ती हीच. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच तुकडीत उत्तीर्ण झाले. परीक्षा विद्यापीठच घेत असल्यामुळे मॅट्रिक होणे म्हणजेच विद्यापीठात प्रवेशास पात्र होणे असे. १९१२ साली चिंतामणराव देशमुख तीत पहिले आले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना लाभली आणि पुढे ते केंब्रिजला गेले.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा स्वतंत्र मंडळाकडे गेली. १९५८ साली पवईस आय.आय.टी. निघाली; तेथील प्रवेश निराळ्या स्पर्धापरीक्षेवर ठरू लागला. तेव्हापासून शाळेच्या गुणांना किंमत उरली नाही, अशी समजूत आपल्या ज्ञातिबांधवांत दृढ आहे. ती निराधार होय. आज त्या परीक्षेतील क्रमांकाखेरीज बारावीत शेकडा ७५ गुण, अथवा मंडळाच्या अग्रगण्य २० शततमकात स्थान लागते. अनुसूचित जातिजमाती व दिव्यांग यांस ६५ गुण पुरतात. महामारीमुळे २०२० ते २०२२ ही अट स्थगित होती. २०२३ पासून ती पुन्हा लागू झाली.

मुलाचे नाव महाविद्यालयात केवळ हजेरीपुरते ठेवून त्यास दिवसभर खासगी शिकवणीस धाडणाऱ्या पालकांस हे बहुधा बारावीचा निकाल हाती पडल्यावरच उमगते. मग क्रमांक कितीही वरचा असो, ७४ गुणांवर अडलेल्या मुलाची जागा दुसऱ्यास जाते.