पलतडीचे गाणे : मांडवीवरच्या तरंगत्या मैफलीचा मागोवा

गोव्याबाहेर ज्या मोजक्या कोंकणी गाण्यांची चाल घरोघरी ठाऊक आहे, त्यांत ‘हांव सायबा पलतडी वेतां’ या गाण्याचे नाव आधी घ्यावे लागेल. १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी त्याचा आधार घेतला आणि ज्यांनी गोवा पाहिलेला नाही, त्यांच्याही कानांत ते जाऊन बसले. पणजीला मांडवी नदीवर रोज संध्याकाळी पर्यटकांना घेऊन ज्या नौका सुटतात, त्यांच्या वरच्या मजल्यावर वाद्यवृंद असतो आणि नाचही होतात. तिथे ज्या नाचांना हमखास स्थान असते, त्यांत देखणी हा एक, आणि देखण्यांत सर्वांत प्रसिद्ध हेच गाणे. नदीवर, चालत्या नावेत, नदी ओलांडण्याविषयीचे गाणे म्हटले जाते. एवढा जुळून आलेला योग असूनही ‘नदी ओलांडून कोण चालले होते आणि कशासाठी?’ हा साधा प्रश्न कोणी विचारताना दिसत नाही. या लेखात त्याचा शोध घ्यायचा आहे.

गाण्यातली गोष्ट थोडक्यात अशी. एका स्त्रीला नदीच्या पलीकडे दामूच्या लग्नाला जायचे आहे. तिला वाट ठाऊक नाही. ती नावाड्याला विनवते. तो नको म्हणतो. मग ती अंगावरचा एकेक दागिना त्याला देऊ करते. लग्नमंडपात कलावंतिणींचा खेळ मांडला आहे असा उल्लेख गाण्यात येतो आणि मग ही बाई कोण, हे कळते. ती लग्नाची पाहुणी नाही. त्या मंडपात नाचणे-गाणे हे तिचे काम आहे. वेळेवर पोचली नाही तर बिदागी जाईल, म्हणून कमावलेला दागिना ती नावभाड्यात घालायला तयार आहे. चाल ठेक्याची आणि खेळकर असल्यामुळे ऐकणाऱ्याला ही सारी गंमत वाटते. शब्दांकडे पाहिले तर पोटासाठी प्रवास करणाऱ्या एका स्त्रीची ती अडवणूक आहे.

आता ‘पलतड’ या शब्दाकडे येऊ. मराठीत आपण ऐलथडी-पैलथडी म्हणतो, गंगाथडी म्हणतो, पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते. कोंकणीतली ‘पलतड’ याच कुळातली. आपल्या संतांनी पैलतीराला मोक्षाचा अर्थ दिला. गोव्यात मात्र पैलतीराला एक अगदी ऐहिक, राजकीय अर्थ दीर्घकाळ होता.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे त्यांच्या ताब्यातले जुने प्रदेश. १५४० नंतर तिसवाडीतली आणि १५६० च्या दशकात साष्टीतली देवळे पाडली गेली. १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायासन बसले आणि मधला थोडा काळ वगळता ते १८१२ पर्यंत चालले. या काळात भाविकांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर पलीकडे डिचोली महालातल्या नार्व्याला गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. पोर्तुगीजांची हद्द नदीच्या एका थडीला संपे आणि दुसऱ्या थडीला आदिलशाहीची, पुढे मराठ्यांची आणि सोंध्याच्या राजाची सुरू होई. फोंड्याचा अंत्रुज महाल पोर्तुगीजांच्या हाती आला तो १७६३ साली, म्हणजे पहिल्या विजयानंतर अडीचशे वर्षांनी.

देवांबरोबर देवांचे सेवेकरीही पलीकडेच राहिले. त्यांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतिणींची घराणी होती. पोर्तुगीज त्यांना ‘बायलादेरा’ म्हणत आणि त्यांना आपल्या हद्दीत मज्जाव करणारे हुकूम चर्चने व सरकारने पुन्हापुन्हा काढले. हुकूम पुन्हापुन्हा काढावे लागतात याचा अर्थ ते पाळले जात नव्हते, हे इतिहासाच्या कोणत्याही वाचकाला सांगायला नको. अलीकडे मागणी होती, पलीकडे कला होती आणि मध्ये नदी होती. गाण्यात नदीचे नाव नाही, त्यामुळे ही अमुकच नदी असे म्हणता येणार नाही. पण ‘पलतड’ या शब्दात ही अडीचशे वर्षे साठली आहेत, एवढे नक्की म्हणता येते.

हे गाणे कलावंतिणींनी रचलेले नाही. कार्लुस एउझेन्यु फेरेरा यांच्या नावावर ते आहे आणि ते पहिल्यांदा छापले गेले पॅरिसला, १८९५ साली. एकोणिसाव्या शतकात साष्टीतल्या ख्रिस्ती भाटकारांच्या दिवाणखान्यांत मांडो हा गानप्रकार बहरला. व्हायोलिन आणि घुमट यांच्या साथीने तो म्हटला जाई. मांडोच्या संथ आर्जवानंतर जलद दुलपद येई. देखणीही याच वातावरणातली. चर्चच्या शाळेत मेस्त्रीकडून स्वरलेखन शिकलेली ही मंडळी. त्यांनी पाश्चात्त्य स्वरमेळात एका हिंदू कलावंतिणीचे चित्र काढले आणि घरातल्या मुलींनी ते नाचून दाखवले. ज्यांचे पूर्वज अलीकडे राहून धर्मांतरित झाले, त्यांनी पलीकडे राहिलेल्यांकडे टाकलेला हा दृष्टिक्षेप होता. त्यात कुतूहल होते, ओढ होती आणि थोडी थट्टाही होती. नावाड्याला दागिने देऊ करणारी बाई दिवाणखान्यात बसून पाहायला देखणी वाटते. तिच्या बाजूने हेच गाणे कसे झाले असते, ते आपल्याला मिळालेले नाही.

गाणे नदीविषयीचे, हे झाले. पण नदीवरच गाणे मांडायचे ही कल्पना पर्यटनाच्या काळातली म्हणावी, तर तसे नाही. गोव्यात ‘सांगोड’ नावाची रीत आहे. दोन होड्या शेजारी बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या की तरंगता मंच तयार होतो. मराठीत आपण ‘सांगड घालणे’ म्हणतो, ती सांगड मुळात हीच. होड्या किंवा भोपळे जोडून केलेले तरण. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पूर्व किनाऱ्यावरच्या, ओंडके जोडून केलेल्या मोठ्या नावांना ‘संगर’ म्हटले आहे. तेव्हा हा शब्द किती जुना, याची कल्पना यावी.

तिसवाडीतल्या कुंभारजुव्याला गणपतीच्या सातव्या दिवशी सांगोडोत्सव होतो. जोडहोड्यांवर पुराणातले आणि चालू घडामोडींवरचे देखावे उभे राहतात, वाद्ये वाजतात आणि माणसे काठावर दाटी करून पाहतात. तिकडे बारदेशात कांदोळीजवळ ओर्ड्याच्या बाजूला २९ जूनला, सांव पेद्रूच्या फेस्ताला, ख्रिस्ती मच्छीमार आपल्या होड्या जोडून मंच करतात आणि त्यावर गाणी-नाट्य करीत पाण्यावरून जातात. मच्छीमारांचा हा संत स्वतः मासे धरणारा होता. एकीकडे गणपती, दुसरीकडे संत पीटर, पण सांगड एकच. धर्माने वेगळे झालेले दोन समाज पाण्यावर मंच बांधायची रीत मात्र एकच ठेवून आहेत.

हे गोव्यातच का टिकले, याचे एक कारण नदीच्या स्वभावात आहे. मी राहतो फुलचूरला, गोंदियाला लागून. आमची मोठी नदी वैनगंगा. पावसाळ्यात तिच्याकडे बघवत नाही आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रात रेती जास्त, पाणी कमी. आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, दंडार होते, रात्रभर नाटके चालतात. पण मंच जमिनीवर असतो. भाताच्या मोकळ्या बांधीत मंडप पडतो आणि प्रेक्षक चालत येतात. मांडवीचे तसे नाही. कर्नाटकात भीमगडच्या डोंगरात म्हादई म्हणून उगम पावलेली ही नदी खालच्या अंगाला खाडीच होते. भरती-ओहोटी आत लांबवर जाते, म्हणून बारमाही पाणी असते आणि प्रवाहही नरम असतो. अशा पाण्यावर मैफल बसू शकते. काशीला गंगेवर होळीनंतरच्या मंगळवारी ‘बुढवा मंगल’ होई. बजरे एकत्र येत, रईस गाद्यांवर बसत आणि गाणाऱ्या बायका रात्रभर गात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो ओसरला. तिथेही नाव रईसाची आणि गळा कलावंतिणीचा, ही वाटणी ठरलेलीच होती.

मांडवीवर नाव ही शतकानुशतके गरज होती. १९६१ च्या मुक्तीनंतर पणजीजवळ पूल झाला आणि नदी ओलांडायला नावाड्याची विनवणी करायचे कारण उरले नाही. जुलै १९८६ मध्ये तो पूल कोसळला तेव्हा गोवेकरांना पुन्हा फेरीबोटीचा आधार घ्यावा लागला. पुढे एकामागून एक पूल उभे राहिले. दरम्यान १९८२ साली गोवा पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले होते आणि संध्याकाळच्या जलसफरी रूढ होत गेल्या. गरज संपते तिथे मौज सुरू होते. नाव आता पलीकडे जात नाही. तासाभराने निघाली तिथेच परत येते.

अशा एका नौकेवर मीही तिकीट काढून बसलो होतो. सूर्य समुद्राकडे उतरत होता. डावीकडे आदिलशहाचा जुना वाडा मागे पडला, मग नांगरलेल्या कॅसिनोंचे दिवे लागले, पलीकडच्या टेकडीवर रेइश मागुशचा किल्ला दिसू लागला. वाद्यवृंदात कीबोर्ड, गिटार आणि ड्रम होते. एकाने घुमटही गळ्यात अडकवले होते. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे मढवीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आल्यावर बकऱ्याचे कातडे आले, आणि २०१९ साली राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. आधी पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्यु झाला, मग फुगडी, मग देखणी. मधूनमधून निवेदक लहान मुलांना, जोडप्यांना हिंदी गाण्यांवर नाचायला बोलावत होता. देखणी सुरू झाली तशा शेजारच्या नागपूरच्या बाई यजमानांना म्हणाल्या, “अहो, हे बॉबीतलं!” मी त्यांना गाण्याचा अर्थ सांगितला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे ती कामावर चालली होती होय?” इतके नेमके भाष्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. त्याच वेळी पणजी-बेतीची फेरीबोट आमच्या समोरून आडवी गेली. कामावरून परतणारी माणसे आणि त्यांच्या दुचाक्या तिच्यावर खच्चून भरल्या होत्या. पलतडीला खरोखर जाणारी नाव ती होती.

मंचावरच्या मुली मन लावून नाचत होत्या. वादकांचे हात तयारीचे होते. रोज तेच कार्यक्रम, तेच हसू, यातून घर चालवणे सोपे नाही आणि त्याला नाक मुरडण्याचा अधिकार तिकीट काढून बसणाऱ्याला तर अजिबात नाही. प्रश्न त्यांच्या कलेचा नाही. ज्यांचा वेष त्यांनी घातला होता, त्यांच्या इतिहासाचा आहे.

कारण गाण्यातली ती बाई दरम्यानच्या शतकात खूप दूर गेली. कलावंत समाजाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःहून ती प्रथा मोडली, मुलींना शाळेत घातले, लग्नसंस्था स्वीकारली आणि ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव घेतले. या चळवळीतले एक अग्रणी राजाराम पैंगीणकर यांनी १९६९ साली आलेल्या आत्मचरित्राचे नावच ‘मी कोण?’ असे ठेवले. बापाचे नाव विचारले की गप्प व्हावे लागणाऱ्या समाजाचा तो प्रश्न होता. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर याच समाजातले. मंगेशीच्या देवळाच्या सेवेतल्या येसूबाईंचे चिरंजीव दीनानाथ मंगेशकर झाले. कुर्डीच्या मोगूबाई आणि केरीच्या केसरबाई अल्लादियाखाँ साहेबांकडे शिकल्या आणि ख्याल गायकीच्या शिखरावर बसल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरच्या संगीताचे जे नमुने अंतराळात पाठवले, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. याने ऑगस्ट-सप्टेंबरात सुटली आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. अंत्रुजातल्या एका गायिकेचा आवाज आता सूर्यमालेच्या सीमेपलीकडे आहे. याहून लांबची पलतड कोणती?

आणि इकडे नौकेवर मात्र ती अजून नावाड्यापुढे उभीच आहे. जो समाज शंभर वर्षे झटून त्या प्रतिमेतून बाहेर आला, त्याची तीच प्रतिमा रोज संध्याकाळी ‘गोव्याची लोककला’ म्हणून मांडली जाते. गाणे बंद करा असे मी म्हणणार नाही. चाल अवीट आहे आणि सव्वाशेहून अधिक वर्षे टिकलेले गाणे हाही वारसाच आहे. पण ध्वनिक्षेपक निवेदकाच्या हातात असतोच. हे गाणे कोणी रचले, कोणाविषयी रचले आणि ज्यांच्याविषयी रचले त्यांच्या लेकी-नातींनी पुढे काय करून दाखवले, एवढे सांगायला तीन वाक्ये पुरतील. तासाभराच्या सफरीत ती सहज बसतात. श्रोत्यांना ती जड होतील अशी भीती बाळगायचे कारण नाही. नागपूरच्या त्या बाईंना एका वाक्यात सगळे समजले होते.