वायुकूपक (रेल्वे बोगद्यांतील)

डोंगराच्या माथ्यावरून बोगद्याच्या छतापर्यंत उभा खोदलेला आणि विटांनी किंवा दगडांनी बांधून काढलेला मार्ग. वाफेच्या इंजिनाचा गरम धूर हलका होऊन त्यातून वर जाई व बोगद्याच्या तोंडांतून ताजी हवा आत येई. पण बहुतेक कूपक मुळात खोदाईसाठीच उतरवले जात. प्रत्येक कूपकाच्या तळाशी कामाला आणखी दोन तोंडे मिळत, ओळंबे सोडून बोगद्याची मध्यरेषा खाली नेता येई आणि राडाही त्याच वाटेने वर ओढला जाई. काम झाल्यावर काही बुजवत, काही धुरासाठी राखत.

इंग्लंडमधील किल्स्बी बोगदा (१८३८, सुमारे २.२ किमी.) हा त्यातला ठळक अपवाद. प्रवासी गुदमरतील या भीतीवर उपाय म्हणून रॉबर्ट स्टीव्हन्सनने तेथे सुमारे १८ मी. व्यासाचे दोन कूपक खास हवेसाठी बांधले. जमिनीवर त्यांना बुरुजाचे रूप आहे. या बांधणीमुळे माणसे व गुरे आत पडण्याचा धोकाही टळतो.

सह्याद्रीत कूपक उतरवण्याचा मार्ग खुला नव्हता. बोरघाटात (१८५६–६३) ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी २५ बोगदे आखले. वर उंच कडे, आत काळा बेसाल्ट. त्यामुळे मोठे बोगदेही कूपकाविना, तोंडांकडूनच सुरुंग लावत पुढे न्यावे लागले. एकूण लांबी सुमारे ३.६ किमी., म्हणजे सरासरी बोगदा दीडशे मीटरांच्या आतच; धूर निघून जायला दोन्ही तोंडे पुरत. या कामाची खरी किंमत मजुरांनी मोजली. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांवर माणसे राबत होती आणि हजारो पटकी, ताप व अपघातांत दगावली. त्यांची नावे कुठल्याही तोंडावर कोरलेली नाहीत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल कामावर येताच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले.

थळघाटात १३ बोगदे झाले. १८७० मध्ये मुंबई–अलाहाबाद मार्ग जोडला गेल्यावर काशीला निघालेले मराठी यात्रेकरू याच बोगद्यांतून, खिडक्या लावून घेत, धुरातून जात.  

१९३० च्या सुमारास दोन्ही घाटांत विजेची इंजिने आली आणि धुराचा प्रश्न मिटला. कोकण रेल्वेवर तो डिझेलच्या रूपाने परतला. साडेसहा किमी. लांबीच्या करबुडे बोगद्यात हवा खेळती ठेवायला पंखे बसवावे लागले.