काम नसताना ग्राफिक्स कार्ड किती गरम असावं? सीमाभागातल्या हवेचा आणि धुळीचा हिशेब

बेळगाव : एप्रिल-मे आला की लग्नसराई जोरात असते आणि व्हिडिओ मिक्सिंग करणाऱ्यांचे कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू राहतात. नेमकं याच दिवसांत कुणाच्या तरी लक्षात येतं, की काहीच काम चालू नाही, तरी ग्राफिक्स कार्ड ५० अंश दाखवतंय आणि त्याचा पंखाही फिरत नाही. कार्ड गेलं काय, या भीतीने नवीन कार्डासाठी हजारो रुपये घालवण्याआधी थोडा हिशेब समजून घेतलेला बरा.

आधी खोलीचं तापमान बघा

कॉम्प्युटर चालू आहे, पण त्यावर जड काम नाही, अशा वेळच्या तापमानाला ‘आयडल’ तापमान म्हणतात. साधारणपणे ते ३० ते ४५ अंश सेल्सिअस असतं. पण हा आकडा एकटा वाचून उपयोग नाही. पंखा कार्डावर खोलीतलीच हवा मारतो, त्यामुळे कार्ड खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. काम नसताना ते खोलीपेक्षा साधारण १० ते २० अंश जास्त असतं.

समजा, बेळगावात डिसेंबरच्या सकाळी खोलीत २० अंश आहेत आणि कार्ड ३५ दाखवतंय. तेच कार्ड निपाणीत एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखालच्या दुकानात ३६ अंशांत ठेवलं तर ५१ च्या आसपास जाईल. दोन्ही ठिकाणी फरक १५ अंशांचाच आहे. म्हणजे कार्डात बिघाड नाही, हवा बदलली आहे.

पंखा बंद, तरी कार्ड चांगलं

अलीकडच्या बऱ्याच कार्डांचे पंखे काम नसताना मुद्दाम बंद राहतात. आवाज होऊ नये म्हणून कंपनीनेच तशी सोय केलेली असते. कार्ड साधारण ५० ते ६० अंशांवर गेलं की पंखा आपोआप सुरू होतो. अशा कार्डाचं आयडल तापमान ४५ ते ५५ असलं तरी काळजीचं कारण नाही. खात्री करायची तर एखादा गेम किंवा व्हिडिओ रेंडर सुरू करून पाच मिनिटं बघावं. तापमान ७० च्या पुढे गेलं तरी पंखा हललाच नाही, तर मात्र काम थांबवून कार्ड दाखवून आणावं.

तापमान बघायचं कुठे?

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जीपीयूवर क्लिक केल्यावर तापमान दिसतं. ही सोय विंडोज १० मध्ये २०२० च्या अपडेटपासून आहे. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हे मोफत प्रोग्राम पंख्याचा वेगही दाखवतात. आकडा बघण्याआधी ब्राउझर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबावं.

काम नसतानाही जीपीयूचा वापर जास्त दिसत असेल, तर मागे काहीतरी चालू आहे. ते एखाद्या टॅबमधला व्हिडिओ असेल, नाहीतर चोरून शिरलेला प्रोग्राम. दोन मॉनिटर जोडले असतील किंवा मॉनिटरचा रिफ्रेश रेट जास्त असेल, तरी आयडल तापमान काही अंशांनी वाढतं.

कामाच्या वेळी किती?

गेम, रेंडरिंग किंवा कॅडचं काम चालू असताना ६५ ते ८५ अंश सर्वसाधारण समजले जातात. एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० साठी कमाल मर्यादा ९३, तर आरटीएक्स ४०६० साठी ९० अंश दिली आहे. मर्यादा जवळ आली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. तासाभराचं रेंडर दीड-दोन तास घेऊ लागलं, तर तापमानही बघावं.

इथली धूळ वेगवेगळी

शहापूर-वडगाव भागात मागाच्या सुताचे बारीक तंतू हवेत असतात. ते हीटसिंकच्या पात्यांत अडकून त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. उद्यमबागेत फौंड्री आणि मशीन शॉपची धातूची धूळ असते. ती वीज वाहू शकते, म्हणून सर्किटवर साचू देणं धोक्याचं. निपाणीत तंबाखूच्या वखारींजवळ बारीक पूड उडते. पावसाळ्यातल्या दमट हवेत अशी धूळ चिकटून बसते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही. अशा ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी, तर साध्या घरात वर्षातून दोनदा सफाई करावी.

सफाई अशी करा

- कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा. कॅबिनेट बाहेर, व्हरांड्यात न्या.
- मऊ ब्रशने धूळ सुटी करा, मग ब्लोअर मारा.
- ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.
- ओलं फडकं लावू नका.

एवढं करूनही फरक पडला नाही तर चिपवरची थर्मल पेस्ट वाळली असेल. काही वर्षं वापरलेल्या कार्डात असं होतं. पेस्ट बदलायला कार्ड उघडावं लागतं, म्हणून आधी वॉरंटीच्या अटी वाचा. मेमरीवरचे पॅड बदलायचे झाल्यास जाडी पहिल्याइतकीच हवी, नाहीतर हीटसिंक नीट टेकत नाही.

बिनखर्चाचा उपाय

कॉम्प्युटर टेबलाच्या लाकडी कप्प्यात कोंबलेलं कॅबिनेट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतं. ते बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवावं आणि चालू असताना त्यावर प्लास्टिकचं कव्हर घालू नये. कॅबिनेटची बाजू उघडून टेबल फॅन लावला तर थंडावा मिळतो, पण धूळही दुप्पट आत जाते. तो उपाय एखाद्या रात्रीपुरताच ठीक.

सफाई केल्यावर खोलीचं आणि कार्डाचं तापमान तारखेसह वहीत लिहून ठेवावं. पुढे कधी शंका आली तर दोन्ही आकडे पुन्हा घ्यावेत. फरक पूर्वीइतकाच असेल तर तो उन्हाळा आहे. फरक दहा अंशांनी वाढला असेल तर लग्नाची ऑर्डर घेण्याआधी कॅबिनेट उघडावं.